पॅचकाका

लग्नाची पत्रिका हातात पडली की बाकीची माणसं आधी मुहूर्त बघतात, मग कार्यालय बघतात. वसंतकाका खिशातलं लाल पेन बघतात. ‘आशिर्वाद’ छापलेलं दिसलं की वेलांटी दुरुस्त करून समासात खूण करतात आणि लग्नाच्या दिवशी आहेराच्या पाकिटात १०१ रुपयांसोबत ती तपासलेली पत्रिकाही घालतात. आमच्या इमारतीत गेल्या १० वर्षांत झालेल्या सगळ्या लग्नांचं शुद्धलेखन त्यामुळे निर्दोष आहे. पुढे संसारात ज्या चुका झाल्या, त्या काकांच्या खात्यात येत नाहीत.

काका नारायण पेठेतल्या एका छापखान्यात ३४ वर्षं मुद्रितशोधक होते. खिळ्यांच्या काळात चिकटले, ऑफसेटच्या काळात निवृत्त झाले. गॅली प्रूफ, पेज प्रूफ, मशीन प्रूफ अशा तीन चाळण्यांतून त्यांनी शेकडो पुस्तकं काढली. त्यांतल्या एकाही पुस्तकात त्यांचं नाव नाही. लेखक प्रस्तावनेत सौभाग्यवतींचे, मुखपृष्ठकाराचे आणि ज्याच्या बंगल्यात बसून लिहिलं त्या मित्राचे आभार मानतो. मुद्रितशोधकाची आठवण एकदाच होते, पुस्तक छापून आल्यावर चूक सापडली की.

अशा माणसाला मुक्त सॉफ्टवेअरच्या नादी लावण्याचं पाप माझं आहे.

झालं असं. सोसायटीच्या वार्षिक सभेचं इतिवृत्त काका मुलाच्या जुन्या लॅपटॉपवर टाईप करत होते. ‘मुलांनी बागेतल्या फुलाला हात लावू नये’ एवढं लिहून होतंय तोच ‘फुलाला’ या शब्दाखाली लाल नागमोडी रेघ उमटली. काका रात्री साडेनऊला माझ्या दारात.

"अरे, ह्याने माझ्या शब्दाखाली रेघ मारली!"

मी म्हटलं, "मारू दे हो काका. मोफतचं सॉफ्टवेअर आहे."

"रेघ मारली त्याचं काही नाही. पण मी ‘फूलाला’ असं मुद्दाम चुकीचं लिहून बघितलं, तर मुकाट्याने बसला! म्हणजे बरोबर लिहिलं की छडी आणि चुकीचं लिहिलं की शाबासकी. ३४ वर्षं मी लोकांच्या शब्दांखाली रेघा मारल्या. माझ्या शब्दाखाली रेघ मारणारा हा पहिला. कोण आहे तो? पत्ता दे."

पत्ता नसतो, हे सांगताना मी जांभई दिली आणि त्या जांभईतच घात झाला. मी म्हणालो, "हे ओपन सोर्स आहे, काका. कोड सगळ्यांना उघडा असतो. पटत नसेल तर तुम्हीच दुरुस्त करा."

काकांच्या डोळ्यांत जे चमकलं, ते मी याआधी एकदाच पाहिलं होतं. सोसायटीच्या नोटीसबोर्डाच्या काचेला कुलूप नाही, हे त्यांना कळलं होतं तेव्हा.

दुसऱ्या दिवसापासून माझी शिकवणी सुरू झाली. शिकवणारा कोण हे मात्र शेवटपर्यंत ठरलं नाही. मी म्हटलं, आधी मूळ प्रकल्पाची आपली अशी एक प्रत करून घ्यायची, तिला फोर्क म्हणतात. कधी कधी माणसं भांडतात आणि फोर्क घेऊन कायमची वेगळी होतात. २०१० साली ओपनऑफिसमधून लिब्रेऑफिस निघालं ते तसंच. काका म्हणाले, "म्हणजे भाऊबंदकी." मग जरा विचार करून म्हणाले, "पण बरी भाऊबंदकी आहे. आमच्या गावाकडे भाऊ वेगळे झाले की विहिरीचं पाणी वारांवर वाटतात. इथे दोघांनाही अख्खी विहीर मिळते." मुक्त परवान्यावरची एवढी स्वच्छ टीप मी आमच्या ऑफिसातल्या प्रशिक्षणातही ऐकलेली नाही.

मी म्हटलं, दुरुस्ती झाली की मूळ मालकाला पुल रिक्वेस्ट पाठवायची.

"पुलाची विनंती? ती महापालिकेकडे करतात. आणि ‘पूल’ दीर्घ."

खरी गंमत झाली ती शब्दकोशाची फाइल उघडल्यावर. लिब्रेऑफिस, फायरफॉक्स ज्या यंत्रणेने शुद्धलेखन तपासतात, तिचं नाव हनस्पेल. ती लाझ्लो नेमेथ या हंगेरियन माणसाने केली, कारण हंगेरियन भाषेत एकेका शब्दाला इतके प्रत्यय चिकटतात की सगळी रूपं यादीत लिहून ठेवायची म्हटली तर यादी संपायचीच नाही. म्हणून तिथे दोन फाइली असतात. एकीत मूळ शब्द आणि प्रत्येकापुढे त्याच्या वर्गाचं अक्षर. दुसरीत त्या वर्गाचे नियम: शब्दाच्या शेवटचं अमुक काढा, तमुक लावा. ‘घोडा’तला काना काढा, ‘्याला’ लावा, झालं ‘घोड्याला’.

काकांनी चष्मा पुसला, फाइल वरपासून खालपर्यंत वाचली आणि हळूच म्हणाले, "अरे, हे तर सामान्यरूप आहे."

मग ते उठले आणि कपाटातून मोरो केशव दामले घेऊन आले. १९११ सालचं ते शास्त्रीय मराठी व्याकरण त्यांनी लॅपटॉपच्या शेजारी ठेवलं. मी १२ वर्षं हिंजवडीत कोड लिहितोय. माझ्या लॅपटॉपशेजारी आजवर फक्त कॉफीचा मग आला होता. काकांचा निकाल तिथेच लागला: प्रोग्रॅमिंग म्हणजे व्याकरणच, फक्त करणाऱ्याला व्याकरण येत नाही एवढंच. आणि हा नेमेथ आपला माणूस.

रोग त्यांनी १० मिनिटांत ओळखला. कोणीतरी ‘फूल’ हा शब्द ‘दगड’च्या वर्गात घातला होता. ‘दगड’ला नुसतं ‘ाला’ चिकटवलं की ‘दगडाला’ होतं, म्हणून ‘फूल’चं ‘फूलाला’. "फूल आणि दगड एका वर्गात!" काका खिन्न झाले. "शाळा कोणाची म्हणायची ही?"

औषध सोपं होतं. मीठ, पीठ, दूध, मूल, फूल, पूल यांचा एक वेगळा वर्ग करायचा आणि उपान्त्य दीर्घ काढून ऱ्हस्व लावायचा. काका एका बोटाने टाईप करत होते, पण त्या बोटात ३४ वर्षांचा राग होता. शेवटी ही दुरुस्ती नोंदवायला गिट लागतं. लिनस टोरवाल्ड्सने २००५ साली लिनक्ससाठी लिहिलेलं हे साधन आधी तुमचं नाव विचारतं आणि मग प्रत्येक नोंदीवर ते उमटवत राहतं. काकांना नाव देवनागरीत हवं होतं. रात्रीचे ११ वाजले होते. मी घाईघाईत त्यांचं नाव टाईप केलं आणि सुटलो.

नोंदीसोबत एक संदेश लिहायचा असतो. पहिली ओळ साधारण ५० अक्षरांत आणि आज्ञार्थात, असा रिवाज. ‘दुरुस्त केले’ असं नाही, ‘दुरुस्त कर’ असं. काकांचा पहिला मसुदा ‘माननीय महोदय, स. न. वि. वि., विषय: मराठी सामान्यरूपातील अक्षम्य प्रमादांबाबत’ असा होता आणि पुढे साडेतीन पानं होती. त्यात साहित्य महामंडळाचे १९६२ चे १४ नियम आणि १९७२ साली वाढलेले ४ असे सगळे १८ नियम इंग्रजीत समजावून दिले होते. मी ते ५० अक्षरांवर आणलं. काका म्हणाले, "ही तार झाली. कोणी गेलंय का?"

पण एक गोष्ट त्यांना कोणी शिकवावी लागली नाही. बदल दाखवणारा तो पडदा, जिथे काढलेली ओळ लाल दिसते आणि घातलेली हिरवी, तो मला समजायला कॉलेजात आठवडा लागला होता. काकांनी एकदा बघितलं आणि म्हणाले, "प्रूफच की. फक्त हिरवं पेन आम्हाला मिळत नव्हतं."

विनंती गेली. १५ सेकंदांत तांबडी फुली आली.

हे माणसाचं काम नव्हतं. प्रत्येक बदल आला की एक यंत्र आपोआप तपासण्या चालवतं. त्यात बरोबर शब्दांची एक यादी असते. तुमच्या बदलानंतर त्यातला एखादा शब्द चूक ठरला की फुली. काकांनी उत्साहाच्या भरात उपान्त्य दीर्घ असलेले झाडून सगळे शब्द नव्या वर्गात ओढले होते. त्यामुळे ‘मिठाला’ बरोबर झालं, पण ‘गीताला’चं ‘गिताला’ झालं.

"पण गीत तत्सम आहे!" काका पडद्याला म्हणाले. "तत्सम शब्दाचा उपान्त्य दीर्घ बदलत नाही. एवढं ह्याला कळत नाही?"

मी म्हटलं, "कुठे लिहिलंय त्यात, की ते तत्सम आहे?"

काका गप्प बसले. मराठी माणसाच्या मनात जे अर्ध्या क्षणात होतं, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. पुढचे दोन महिने त्यांनी ती यादी एकेक शब्द करून चाळली: हा संस्कृतातून जसाच्या तसा आलेला, हा आपल्या घरचा. फूल या वर्गात, शूल त्या वर्गात. सकाळी फिरायला जाताना काकू पुढे आणि काका मागे, स्वतःशी ‘दीर, दिराला, तीर, तीराला’ असं म्हणत. बागेतल्या हास्यक्लबाने त्यांना दुरूनच नमस्कार करायला सुरुवात केली.

मग मेन्टेनरचं उत्तर आलं. अनेक भाषांचे कोश एकत्र सांभाळणारा हा माणूस जर्मनीत राहतो, पोटासाठी दुसरंच काहीतरी करतो आणि रात्री जेवणानंतर जगाच्या भाषांची प्रकरणं निस्तरतो. मराठीचं एक अक्षर त्याला येत नाही. त्याने चार ठिकाणी शेरे मारले होते आणि प्रत्येक शेऱ्याची सुरुवात ‘निट’ या इंग्रजी शब्दाने होती.

काका खुलले. "बघ, म्हणतो कसा, नीट करा! परदेशात राहून मराठी शिकतोय बिचारा. ‘नी’ दीर्घ पाहिजे, पण ते सांगू हळूहळू."

निट म्हणजे लीख, उवेचं अंडं. बारीकसारीक चुका काढणाऱ्याला इंग्रजीत लिखा काढणारा म्हणतात, हे मी जड अंतःकरणाने सांगितलं. वाटलं, आता भडका उडणार. काका उलट सुखावले. "म्हणजे तो ह्याच धंद्यातला आहे!"

शेरे खरोखर त्याच धंद्यातले होते. एक: ओळीच्या शेवटी उगाच एक कोरी जागा राहिली आहे. काकांना लाज वाटली. खिळ्यांच्या काळात कोरी जागासुद्धा शिशाची असे, फुकट कोणी टाकत नसे. दोन: वर्गाच्या डोक्यावर नियमांची संख्या लिहावी लागते. काकांनी खाली सात नियम वाढवले, वरचा आकडा तसाच ठेवला. हनस्पेल त्या आकड्यावर विसंबून ओळी मोजतं, म्हणून सगळा हिशोब कोसळला. तीन: दोन स्वतंत्र बदल एकाच नोंदीत कोंबू नका. चार: हे बरोबर आहे की नाही ते मला कळत नाही, तेव्हा बरोबर रूपं चाचणीच्या यादीतही घाला, म्हणजे उद्या दुसऱ्या कोणी मोडलं तर यंत्र ओरडेल.

चौथ्या शेऱ्यावर काका बराच वेळ थांबले. "ह्याला मराठी येत नाही," ते म्हणाले, "पण मराठी बिघडू नये याची सोय त्याला सुचली. आम्ही पुस्तकातली चूक काढायचो, आणि दुसऱ्या आवृत्तीत नवा जुळारी तीच परत घालायचा."

चारही दुरुस्त्या करून त्यांनी परत पाठवलं. मग शांतता. एक आठवडा, दोन आठवडे. काकांनी ‘स्मरणपत्र क्र. १’ लिहिलं. मी म्हटलं, नुसतं ‘पिंग’ लिहितात. काकांना ते दाराची कडी वाजवून पळून जाण्यासारखं वाटलं. तो फुकट काम करतो, त्याला मुलंबाळं असतील, हे मी सांगत होतो. काका म्हणाले, "मी कुठे पगार घेतोय?" आणि या प्रश्नाला मुक्त सॉफ्टवेअरच्या जगात अजून कोणाकडेही उत्तर नाही.

याच दिवसांत तिसऱ्या मजल्यावरच्या इंजिनिअरिंगच्या पोराने काकांना आपला टी-शर्ट दाखवला. हॅक्टोबरफेस्ट नावाचा एक उपक्रम २०१४ पासून दर ऑक्टोबरात चालतो. काही वर्षं त्यात असं होतं की चार पुल रिक्वेस्ट पाठवल्या की टी-शर्ट मिळायचा. या पोराने २०२० साली चार अनोळखी प्रकल्पांच्या माहितीपानांवर ‘अप्रतिम प्रकल्प’ असे शब्द घालून पाठवले होते. एकट्या त्यानेच नाही. त्या वर्षी असल्या दुरुस्त्यांचा इतका पूर आला की मेन्टेनर रडकुंडीला आले आणि ज्या प्रकल्पांची संमती आहे तेवढेच धरायचे, असा नियम आयोजकांना ऑक्टोबर संपायच्या आतच करावा लागला.

काकांनी टी-शर्ट उलटसुलट करून पाहिला. "दुसऱ्याच्या पुस्तकात शेवटच्या पानावर ‘छान आहे’ लिहून ठेवणारे वाचनालयात असायचे," ते म्हणाले. "पण त्यांना ग्रंथपाल सदरा देत नसे." पोरगा ओशाळला. पुढच्या रविवारी काकांनी त्याला तत्सम-तद्भव शिकवायला बसवलं. आता तो त्या कोशात खरोखरच काम करतो आणि त्याचा टी-शर्ट काकू खिडक्या पुसायला वापरतात.

अखेर एका पहाटे काकांनी माझी बेल वाजवली. पडद्यावर जांभळ्या रंगात एकच शब्द होता: मर्ज्ड, म्हणजे दुरुस्ती मूळ प्रकल्पात घेतली. खाली मेन्टेनरने इंग्रजीत चार अक्षरं लिहिली होती, एलजीटीएम. मला ठीक वाटतंय, अशा अर्थाचं ते लघुरूप. "छापण्यास हरकत नाही," काकांनी त्याचं मराठी केलं. त्या संध्याकाळी इमारतीत पेढे वाटले गेले. पेढे कशाचे, हे कोणालाच कळलं नाही. चौथ्या मजल्यावरच्या आजींना वाटलं, काकांना परदेशात नातू झाला. अशा दुरुस्तीला पॅच म्हणतात, म्हणून त्या दिवसापासून त्यांचं नाव पॅचकाका पडलं.

आता त्यांचे देव बदलले आहेत. देवघराशेजारी त्यांनी मनातल्या मनात अँड्रेस फ्रॉइंडचा फोटो लावलाय. मार्च २०२४ मध्ये या प्रोग्रॅमरला आपल्या यंत्रावर लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं. दुसऱ्या कोणी चहा प्यायला असता. तो त्या अर्ध्या सेकंदाच्या मागे लागला आणि एक्सझेड नावाच्या छोट्या लायब्ररीत दडवलेला चोरदरवाजा त्याने जगासमोर आणला. ती लायब्ररी एक थकलेला माणूस फावल्या वेळात सांभाळत होता आणि दोनेक वर्षं गोड बोलून, मदत करून विश्वास मिळवलेल्या एकाने तो दरवाजा बसवला होता. काका ही गोष्ट हास्यक्लबात सांगतात आणि शेवटी विचारतात, "अर्धा सेकंद म्हणजे काय?" मग स्वतःच उत्तर देतात, "एक अनुस्वार!"

त्यांची दुःखंही बदलली आहेत. वेबवर एका पानावरून दुसऱ्या पानावर जाताना ब्राउझर जो ‘रेफरर’ पाठवतो, त्याच्या इंग्रजी स्पेलिंगमधला एक आर १९९६ च्या एचटीटीपीच्या दस्तऐवजात गळलेला आहे आणि आजही तो शब्द तसाच लंगडत जातो. युनिक्समध्ये फाइल निर्माण करण्याच्या आज्ञेला शेवटचा ‘ई’ नाही. पुन्हा लिहायचं झालं तर काय बदलाल, असं विचारल्यावर केन थॉम्सन यांनी तो ‘ई’ लावेन, असं सांगितलं होतं. "बघ," काका म्हणायचे, "चूक एकदा सगळ्यांच्या अंगवळणी पडली की तीच शुद्ध. म्हणून सांगतो, छापण्याआधी बघा रे."

आणि मग, अगदी परवा, काकू लॅपटॉपवरची धूळ पुसताना थबकल्या. पडद्यावर प्रकल्पाच्या नोंदींची यादी उघडी होती.

"अहो, हा वंसत कोण?"

अनुस्वार. त्या रात्री ११ वाजता माझ्या बोटाने एक घर आधी टाकलेला अनुस्वार. मेन्टेनरला देवनागरी वाचता येत नव्हती. काकांना दिसलं होतं, पण त्यांच्या जुन्या टर्मिनलवर देवनागरी अशीही मोडूनच दिसते, म्हणून त्यांनी दोष टर्मिनलला दिला होता. १७ नोंदी, आणि सतराही नोंदींवर ‘वंसत’.

तीन दिवस काका माझ्याशी बोलले नाहीत. चौथ्या दिवशी त्यांनी एकच प्रश्न विचारला, पुसता येतं का? मी खरं ते सांगितलं. गिटमध्ये प्रत्येक नोंदीची ओळख म्हणजे ४० चिन्हांचा एक आकडा. तो मजकूर, तारीख, करणाऱ्याचं नाव आणि आधीच्या नोंदीची ओळख, हे सगळं मिळून निघतो. नावातला एक अनुस्वार हलवला तर ती ओळख बदलते, तिच्यावर टेकलेल्या पुढच्या सगळ्या नोंदींची बदलते, आणि जगभर ज्यांच्याकडे प्रती आहेत त्या सगळ्यांचा इतिहास वेगळा होतो. एका अनुस्वारासाठी तसं कोणी करत नाही.

"मग लोक करतात काय?"

मी म्हटलं, एक सोय आहे. मेलमॅप नावाची एक छोटी फाइल ठेवतात. तिच्यात लिहितात, की इतिहासात अमुक नाव दिसलं तर ते तमुक असं वाचावं.

काकांचा चेहरा उजळला. "शुद्धिपत्र!" ते म्हणाले. "मग आधीच का नाही सांगितलंस?"

आधी त्यांनी माझ्यासमोर गिटमधलं आपलं नाव स्वतः दुरुस्त केलं, एका बोटाने, प्रत्येक अक्षर मोठ्यांदा उच्चारत. मग एका ओळीचा पॅच पाठवला. जर्मनीहून त्याच रात्री उत्तर आलं: निट, शेवटी एक कोरी जागा राहिली आहे. काकांनी ती काढली. तिसऱ्या दिवशी पॅच स्वीकारला गेला.

३४ वर्षांत शेकडो पुस्तकांपैकी एकातही जे नाव छापलं गेलं नाही, ते आता त्या फाइलीत एकाच ओळीत दोनदा आहे. एकदा बरोबर, एकदा चूक.